थोड्या ठिपक्यांतून मोठे चित्र

द्वितीय वर्ष, कला

संगणकावरील खेळ हा वार्षिक अंकातील लेखाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही गुरुजनांच्या मनात येईल. परंतु या खेळांमागे गणित आहे, चित्रकला आहे आणि काटकसरीचा प्रश्नही आहे. तो प्रश्न गेल्या वर्षी माझ्यापुढे प्रत्यक्ष उभा राहिला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. अभ्यासासाठी म्हणून वडिलांनी एक वापरलेला संगणक घेऊन दिला. त्यावर नवा खेळ लावला की चित्र अडखळे. नवे ग्राफिक्स कार्ड मागावे, तर घरची परिस्थिती ठाऊक. तेव्हा मागण्यापूर्वी विषय नीट समजून घ्यावा, असे ठरवले.

पडद्यावरील चित्र ठिपक्यांचे बनलेले असते. माझ्या पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८०, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके आहेत. ‘फोर-के’ पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४००, बरोबर चौपट. सेकंदाला ६० चित्रे काढायची, तर एका चित्राच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात. तेवढ्यात प्रत्येक ठिपक्याचा रंग, प्रकाश व सावली ठरवावी लागते. जुने कार्ड दमते ते येथेच.

यावरील उपाय म्हणजे चित्रवर्धन. खेळणारे त्याला ‘अपस्केलिंग’ म्हणतात. चित्र कमी ठिपक्यांत काढायचे आणि मग पडद्याएवढे मोठे करायचे. माझे वडील पाट्या रंगवतात. लहानशा फोटोवर चौकटी आखून ते भिंतीवर मोठा चेहरा काढतात. फोटोत न दिसणाऱ्या पापण्या भिंतीवर मात्र काढाव्या लागतात. त्या येतात अनुभवातून. चित्रवर्धनाचेही तसेच आहे.

एनव्हिडिया कंपनीने ‘डीएलएसएस’ ही पद्धत २०१८ साली जाहीर केली. पहिल्या आवृत्तीत प्रत्येक खेळासाठी यंत्राला वेगळे शिकवावे लागे. २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीत एकच शिकवण सर्व खेळांना पुरू लागली. एएमडीचे ‘एफएसआर’ २०२१ मध्ये आले. ते आरंभी समोरच्या एकाच चित्रावरून काम करी. २०२२ च्या दुसऱ्या आवृत्तीने आधीच्या चित्रांचाही आधार घेतला. या दोन्ही आवृत्त्या इतर कंपन्यांच्या जुन्या कार्डांवरही चालतात, हे आमच्यासारख्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे. इंटेलचे ‘एक्सईएसएस’ही २०२२ मधलेच.

आता या सोयीचे मोल पाहू. फोर-के पडद्यावर ‘क्वालिटी’ हा पर्याय निवडला, तर मूळ चित्र २५६० गुणिले १४४० ठिपक्यांचे, म्हणजे सुमारे ४४ टक्के असते. ‘परफॉर्मन्स’मध्ये ते चौथ्या हिश्शावर येते, पण तो चौथा हिस्साही वीस लाखांवर ठिपक्यांचा असतो. माझ्या पडद्यावर मात्र चौथा हिस्सा म्हणजे अवघे ५,१८,४०० ठिपके. एवढ्या तुटपुंज्या भांडवलावर पूर्ण चित्र उभारायचे! म्हणजे ज्याला मदतीची गरज अधिक, त्याच्याच पडद्यावर ही मदत तोकडी पडते. मी ‘परफॉर्मन्स’ लावून पाहिले. खेळ सुरळीत चालला, पण दूरच्या विजेच्या तारा तुटक दिसू लागल्या आणि पळणाऱ्या माणसामागे पुसट छाया रेंगाळू लागली. वडील मागे उभे होते. ते म्हणाले, “चेहरा जमलाय, पण मागच्या तारा अंदाजानं काढल्यात रे.”

दुसरी मर्यादा अशी, की अडचण कार्डाची नसून प्रोसेसरची असेल, तर ठिपके कमी करून फारसा लाभ होत नाही. खेळातील शत्रूंची हालचाल, वस्तूंची पडझड यांचा हिशेब ठिपक्यांवर अवलंबून नसतो.

तिसरी गोष्ट अधिक फसवी. २०२२ च्या ‘डीएलएसएस ३’ने दोन खऱ्या चित्रांच्या मध्ये एक कल्पित चित्र घालण्याची युक्ती आणली. परंतु मधले चित्र रचायचे, तर पुढचे खरे चित्र क्षणभर थोपवून धरावे लागते. डोळ्यांना सेकंदाला ६० चित्रे दिसतात, पण मूळ चित्रे तीसच असतील, तर बटण दाबणाऱ्या हाताला मंदपणा जाणवतोच.

खरी काळजी पुढे आहे. २०२३ मध्ये आलेल्या ‘ॲलन वेक २’ या खेळाच्या गरजांच्या तक्त्यात किमान संगणकासाठीही चित्रवर्धन गृहीत धरले होते. दुबळ्या यंत्राला दिलेला टेकू असा पायाच होऊ लागला, तर जुन्या यंत्राच्या वाट्याला काय उरणार? निर्मात्यांनी याचा विचार करावा.

मी कार्ड मागितले नाही. आधी सावल्या व प्रतिबिंबे यांचा दर्जा उतरवला, मग ‘क्वालिटी’ लावले आणि सेकंदाला ४० चित्रांवर समाधान मानले. सारांश, चित्रवर्धन हे फुकटचे धन नव्हे; ती उसनवारी आहे. मित्रांनो, उसने जरूर घ्यावे, पण ते कोठून फेडले जाते, हे जाणून घ्यावे.