आतड्याच्या रोहिणीतील अवरोध : रोग घटला की शोध?

लहान आतड्यास रक्त पुरविणाऱ्या मुख्य रोहिणीत कधी हृदयाकडून वाहत आलेली रक्ताची गुठळी अडकते, तर कधी काठिण्य आलेल्या रोहिणीच्या भित्तीवर तेथेच गुठळी धरते. रक्तप्रवाह अकस्मात खंडित झाल्याने काही तासांतच आतडे मृत होऊ लागते. वेदना असह्य असतात; परंतु आरंभी पोट हातास मऊच लागते, म्हणून निदान चुकते.

स्वीडनमधील माल्मो शहरात १९७० ते १९८२ या काळात सुमारे ८७ टक्के मृतांचे शवविच्छेदन होत असे. तेथे या रोगाचे प्रमाण दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला ८.६ आढळले. पुढील काळात नोंदलेले प्रमाण उतरले. पण त्याबरोबर शवविच्छेदनेही विरळ झाली.

मग रोग खरोखर घटला, की न दिसल्यामुळे नोंदीबाहेर राहिला? धूम्रपान कमी झाले, हृदयाच्या अनियमित स्पंदनावर रक्त गोठू न देणारी औषधे दिली जाऊ लागली. त्यामुळे खरी घटही संभवते. उलट, वार्धक्यात हा रोग झपाट्याने वाढत असल्याने वृद्धांची संख्या वाढली की प्रमाण चढते. तात्पर्य, दोन काळांतील आकडे ताडून पाहण्यापूर्वी लोकांचे वय आणि रोग शोधण्याची रीत सारखी आहे काय, हे पाहणे अवश्य होय.