गाडी विकतोस तर थंडच दाखव

चिकलठाणा

चि. बंटी,

जाहिरातीचा मजकूर वाचला. त्यातला ‘व्हिंटेज’ शब्द आधी खोड. सरकारी नियमात व्हिंटेज म्हणजे पन्नास वर्षं पुरी झालेली, मूळ रूपात राखलेली गाडी. बजाजचा वाळूजचा कारखाना सुरू झाला १९८५ ला, तुझी ही केबी १०० बाजारात आली १९८६ ला. तेव्हा हिशेब तूच कर. टाकीवर कावासाकी लिहिलंय म्हणून ती कच्च्या-पक्क्या दोन्ही रस्त्यांची गाडीही होत नाही. तसली कावासाकीची केई १०० निराळी. उंच हँडल नि दातेरी टायर तू हौसेनं बसवलेस, तसंच लिही. काढलेलं मूळ सामान गोणीत बांधून सोबत दे. जाणता घेणारा गोणी बघूनच भाव वाढवेल.

मुख्य गोष्ट म्हणजे, गिऱ्हाईक यायच्या आधी गाडी तापवून ठेवू नकोस. तापलेलं इंजिन पिस्टनचा खडखडाट झाकतं, हे त्यालाही ठाऊक असतं. पहिली किक त्यालाच मारू दे. सुरुवातीला टू-टी ऑइलचा धूर येणारच. चौकापर्यंत जाऊन आल्यावर तो विरळ व्हायला हवा. दाटच राहिला तर क्रँकचं क्लचकडचं सील गेलं असेल आणि गिअरबॉक्सचं ऑइल आत जळत असेल. हे आधीच तपासून घे. बोअर केल्याचं बिलही दाखव. पिस्टन कितीचा टाकला यावरून पुढच्या बोअरला जागा उरलीय का, ते कळतं.

चेसिस नंबरवर नख फिरवून बघ. पावडर कोटिंगनं खाचा भरल्या असतील. कागद ठेवून पेन्सिल घासली की एकेक आकडा उठला पाहिजे. नाही उठला तर पेंट रिमूव्हरनं हलकेच साफ कर. कानस, पॉलिश पेपर तिथं लावायचाच नाही. घासलेला नंबर बघितला की माणूस चोरीची गाडी समजून परत फिरतो.

आरसीची मुदत, पर्यावरण कर, विमा, नवी नंबर प्लेट आधी उरक. फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून एजंटाकडे ठेवू नकोस, कितीही ओळखीचा असो. नाव चढेपर्यंत दंडाची नोटीस तुझ्याच दारी येणार. विक्री चौदा दिवसांत आरटीओला कळवणं विकणाऱ्याच्याच अंगावर असतं.

भाव मला जरा चढा वाटला. पण रंगाला, क्रोमला किती घातले ते गिऱ्हाइकाला ऐकवू नकोस. तुझ्या हौसेचे पैसे तो का देईल? आणि घासाघीस सुरू झाली की “मामाला विचारून सांगतो” म्हणून माझ्यावर ढकलू नकोस, बरं का.

तुझा मामा