प्रत कुठे आहे? : फाइल सर्व्हरच्या बॅकअपचं वेळापत्रक



आपल्या अंकात कविता, कथा, पुस्तकपरीक्षणं नेहमीच येतात. या वेळी संपादकांनी मला सांगितलं, "तू कम्प्युटर सायन्सची, तुझ्या विषयातलं काहीतरी मराठीत लिही." विषय शोधायला लांब जावं लागलं नाही. माझ्याच हातून झालेल्या चुकीवरून लिहिते आहे.

गेल्या वर्षी मंडळातले आम्ही काही जण विद्यानगरमधल्या आणि आसपासच्या मराठी घरांत जाऊन आज्ज्यांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करत होतो. जुन्या हस्तलिखित अंकांची पानंही स्कॅन केली. हे सगळं एका फाइल सर्व्हरवर ठेवलं होतं. फाइल सर्व्हर म्हणजे काही अवाढव्य यंत्र नव्हे. एक जुना कम्प्युटर, ज्याच्यावरच्या फाइली बाकीच्यांना नेटवर्कवरून उघडता येतात, एवढंच. त्याची जबाबदारी माझ्याकडे होती. रोज रात्री २ वाजता सगळ्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर जाईल अशी आज्ञा मी लावून ठेवली होती आणि निश्चिंत झाले होते.

ऑगस्टमधल्या एका सकाळी सर्व्हरमधून कटकट असा आवाज आला आणि डिस्क गेली. मी सगळ्यांना म्हटलं, "घाबरू नका, बॅकअप आहे." बॅकअपची डिस्क उघडली तर शेवटची तारीख जानेवारीतली! मग उलगडा झाला. संध्याकाळी खोली बंद करताना शिपाईमामा मेन स्विच बंद करत होते. त्यांचं काही चुकलं नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. रात्री २ वाजता सर्व्हर झोपलेला असायचा. जानेवारीत प्रदर्शनाच्या आठवड्यात वीज रात्रभर चालू राहिली, तेवढ्याच दिवसांचा बॅकअप झाला होता.

फेब्रुवारीनंतरच्या ओव्यांपैकी काही मैत्रिणींच्या मोबाइलमध्ये सापडल्या. ज्यांनी जागा करायला डिलीट केल्या होत्या, त्यांच्या गेल्या. त्यात एका आज्जींचा आवाज होता. त्या जूनमध्ये वारल्या. त्यांची नात आमच्याच वर्गात आहे. तिनं विचारलं, "अगं, कुठेतरी प्रत असेलच ना?" मला उत्तर देता आलं नाही. त्यानंतर मी हा विषय नीट शिकले.

ख्रिस्तपुराणाचा धडा

प्रत जपणं हा प्रश्न कम्प्युटरपेक्षा जुना आहे. फादर थॉमस स्टीफन्स (१५४९–१६१९) हे इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आले आणि त्यांनी मराठी ओवीत 'ख्रिस्तपुराण' रचलं. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ १६१६ मध्ये रोमन लिपीत छापला गेला. पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही तो छापला. या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज मिळत नाही. १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारनं गोव्यात स्थानिक भाषेविरुद्ध हुकूमच काढला होता.

तरी ग्रंथ वाचला, कारण लोकांनी तो हातानं उतरवून ठेवला होता. गोव्यातून कानडा मुलखात आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांबरोबर पोथ्याही आल्या. अशा हस्तलिखितांवरून १९०७ मध्ये मंगळूरला जोसेफ सालदाना यांनी रोमन लिपीतली आवृत्ती काढली. शिवाय मार्सडेन यांच्या संग्रहातलं देवनागरी हस्तलिखित लंडनमध्ये होतं. म्हणजे एक प्रत छापील, एक हस्तलिखित, आणि एक समुद्रापलीकडे. छापील गेली तरी बाकीच्या राहिल्या. बॅकअपचा पहिला नियम इथेच सापडतो.

तीन, दोन, एक

आजचा प्रचलित नियम ३-२-१ असा आहे. मूळ फाइल धरून तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी. दुसरी जागा म्हणजे शेजारचं टेबल नव्हे. २१ जून २०१२ रोजी मुंबईत मंत्रालयाला आग लागली. पाच जणांचा जीव गेला आणि मजलेच्या मजले कागद जळाले. मूळ आणि प्रत एकाच इमारतीत असतील तर आगीच्या हिशेबी ती एकच प्रत.

दोन गैरसमजही दूर करायला हवेत. पहिला, सर्व्हरमध्ये दोन डिस्क एकमेकींचं प्रतिबिंब म्हणून चालवल्या म्हणजे बॅकअप झाला. तसं नाही. एक डिस्क बिघडली तर काम चालू राहतं खरं, पण चुकून फाइल डिलीट केली की ती दोन्हींतून त्याच क्षणी जाते. दुसरा, फोल्डर क्लाउडशी सिंक आहे, मग काळजी कशाला? सिंक तुमची चूकही तितक्याच इमानानं तिकडे पोचवतं. खंडणी मागणारा व्हायरस फाइली कुलूपबंद करतो, तेव्हा सिंक केलेल्या फाइलीही कुलूपबंद होऊ शकतात. म्हणून जुन्या तारखांच्या प्रती हव्यात, आणि एक डिस्क काम झाल्यावर तारेपासून सुटी हवी.

आधी दोन प्रश्न

वेळापत्रक लावण्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारायचे. किती वेळाचं काम गेलं तर चालेल? आणि किती वेळात सगळं परत उभं राहायला हवं? आमचं उत्तर निघालं : एका दिवसाचं काम गेलं तर पुन्हा करू, आणि दोन दिवसांत सर्व्हर परत चालू हवा. परीक्षेचे गुण ठेवणाऱ्या सर्व्हरचं उत्तर वेगळं येईल. या उत्तरांवरून बॅकअप किती वेळा घ्यायचा ते ठरतं.

प्रकार तीन. संपूर्ण बॅकअप म्हणजे सगळं पुन्हा उतरवणं. वाढीव बॅकअप म्हणजे मागच्या बॅकअपनंतर, तो कुठलाही असो, जे बदललं तेवढंच. फरकाचा बॅकअप म्हणजे शेवटच्या संपूर्ण बॅकअपनंतर बदललेलं सगळं.

समजा शनिवारी संपूर्ण बॅकअप घेतला, सोमवारपासून रोज एक घेतो आहोत, आणि गुरुवारी सकाळी डिस्क गेली. वाढीव पद्धतीत शनिवार, सोमवार, मंगळवार, बुधवार असे चार तुकडे क्रमानं जोडावे लागतात. मंगळवारचा तुकडा खराब निघाला तर पुढचं सगळं लटकतं. फरकाच्या पद्धतीत शनिवार आणि बुधवार एवढे दोनच पुरतात, पण रोज जागा आणि वेळ जास्त लागतो.

वेळेचा हिशेब

आता माझी खरी चूक. रात्री २ ही वेळ मी कुठेतरी वाचून लावली होती, हिशेब करून नव्हे. हिशेब असा :

आमचा साठा २४० जीबी. नेटवर्क १०० एमबीपीएस. आठ बिट्सचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला फार तर १२.५ एमबी. २,४०,००० भागिले १२.५ म्हणजे १९,२०० सेकंद, म्हणजे ५ तास २० मिनिटं. प्रत्यक्षात थोडा जास्तच. रोजचा बदल मात्र सुमारे २ जीबी, त्याला तीन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. मग एवढ्याशा कामासाठी रात्र कशाला हवी? दुपारच्या जेवणाची सुट्टी पुरते. फक्त तेव्हा कुणी फाइल उघडी ठेवू नये, नाहीतर अर्धवट प्रत जाते.

आणखी एक बारकावा. लिनक्समधला क्रॉन ठरलेल्या मिनिटाला काम सुरू करतो, पण त्या वेळी मशीन बंद असेल तर ते काम सोडून देतो. अॅनाक्रॉन हुकलेलं रोजचं काम मशीन चालू झाल्यावर करून घेतो. हे मला आधी माहीत असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

आमचं आत्ताचं वेळापत्रक :

• सोमवार ते शुक्रवार, दुपारी १:३० : वाढीव बॅकअप, ग्रंथालयातल्या दुसऱ्या कम्प्युटरवर.
• शनिवार, दुपारी २ : संपूर्ण बॅकअप, तिथेच. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास संपतो.
• महिन्याचा पहिला सोमवार : संपूर्ण प्रत सुट्या डिस्कवर. ती डिस्क आमच्या मॅडम धारवाडला घरी नेतात आणि आधीची परत आणतात. हुबळीपासून सुमारे वीस किलोमीटर, आमच्यासाठी पुरेसं लांब.

रोजच्या ५ प्रती, आठवड्याच्या ४ आणि महिन्याच्या ६ ठेवतो. याला आजोबा-वडील-मुलगा पद्धत म्हणतात. ग्रंथालयातल्या डिस्कवर जागा लागते ती अशी : १० जीबी, अधिक ९६०, अधिक १,४४०, एकूण २,४१० जीबी. ४ टीबीच्या डिस्कवर वाढीलाही जागा उरते. बारा महिने ठेवले असते तर ३,८५० जीबी झाले असते, आणि डिस्क आजच भरली असती.

बाहेर जाणाऱ्या डिस्कला पासवर्ड आहे, कारण तीत लोकांच्या घरातले आवाज आहेत. तो पासवर्ड दोघांना माहीत आहे. एकालाच माहीत असता तर तोही एक धोकाच.

सर्व्हरसाठी वेगळा स्विच बसवून घेतला. त्यावर मराठीत आणि कन्नडमध्ये 'बंद करू नका' अशी चिठ्ठी आहे. ती शिपाईमामांनीच लावली. शनिवारी संध्याकाळी कुलूप लावण्याआधी ते आता मलाच विचारतात, "झालं का गं तुझं?"

परत आणून बघा

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. बॅकअप झाला असा संदेश येणं वेगळं, आणि फाइल परत मिळणं वेगळं. महिन्यातून एकदा कुठल्याही पाच फाइली निवडायच्या, बॅकअपमधून दुसऱ्याच कम्प्युटरवर उतरवायच्या, उघडायच्या, ऐकायच्या. तारीख आणि नाव वहीत लिहायचं. मी हे फेब्रुवारीत एकदा जरी केलं असतं, तरी जानेवारीनंतरची कोरी जागा दिसली असती.

त्या आज्जींच्या ओवीचा एक तुकडा मिळाला. त्यांच्या बेळगावच्या भाच्याला नातीनं व्हॉट्सअॅपवर पाठवलेला, चाळीस सेकंदांचा. मध्येच कुकरची शिट्टी आहे. बाकीचा जवळजवळ तासभराचा आवाज गेला तो गेलाच. ते चाळीस सेकंद आता तीन ठिकाणी आहेत, आणि दर महिन्याच्या पाच फाइलींत ती फाइल मी नेहमी धरते.

पुढची तपासणी महिन्याच्या पहिल्या शनिवारी आहे. वहीत माझ्याशिवाय आणखी दोन नावं हवी आहेत. पुढच्या वर्षी मी इथे नसेन, सर्व्हर मात्र असेल. ज्यांना शिकायचं आहे त्यांनी दुपारी एक वाजता ग्रंथालयात यावं.