बालकांचा रक्तकर्करोग आणि ‘तात्पुरता उतार’

३ जून १९४८ रोजी अमेरिकेतील ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात बोस्टनच्या बालरुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. सिडनी फार्बर आणि त्यांचे चार सहकारी यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तीव्र ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, झालेल्या बालकांना अमिनोप्टेरिन हे औषध दिले असता काय आढळले, याचा तो वृत्तान्त होता. निबंधाच्या शीर्षकातील पहिलाच शब्द ‘तात्पुरता’ या अर्थाचा आहे. रोग बरा झाला, असा दावा फार्बर यांनी केला नाही.

या रोगात अस्थिमज्जेत अपक्व पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. तांबड्या पेशींना व रक्त गोठण्यास साहाय्य करणाऱ्या कणांना मग जागा उरत नाही. मूल फिकट पडते, ताप हटत नाही, अंगावर काळेनिळे डाग उमटतात, हाडे दुखतात. त्या काळी रक्त देण्यापलीकडे फारसे काही करता येत नसे आणि मूल बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत दगावे.

या संशोधनाचा एक धागा मुंबईतून जातो. १९२८ मध्ये डॉ. लूसी विल्स या इंग्रज संशोधिका कापडगिरण्यांतील गर्भवती कामगार स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करण्यासाठी येथे आल्या. यीस्टच्या अर्काने तो रक्तक्षय हटतो, असे त्यांनी दाखवून दिले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य म्हणजेच पुढे ओळखले गेलेले फॉलिक आम्ल. १९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत, आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेल्या डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखालील शास्त्रज्ञांनी ते कृत्रिम रीतीने तयार केले.

रक्तवाढीस उपयोगी असे हे द्रव्य ल्युकेमियातही उपयोगी पडेल, या अपेक्षेने फार्बर यांनी त्याची संयुगे रुग्णांना दिली. परिणाम विपरीत झाला. रोगाने उलट वेग घेतल्याचे दिसले. दुसऱ्या एखाद्याने तो विषय तेथेच सोडला असता. फार्बर यांनी मात्र प्रश्नच उलटा केला : ज्याने रोगपेशी पोसतात, ते त्यांना मिळूच दिले नाही तर? सुब्बाराव यांच्या प्रयोगशाळेने फॉलिक आम्लासारखीच घडण असलेली, पण त्याचे कार्य अडविणारी द्रव्ये तयार केली होती. बोगस बियाणे जसे जमीन अडवून ठेवते पण उगवत नाही, तसाच हा प्रकार. अमिनोप्टेरिन हे त्यांपैकीच एक. निबंध प्रसिद्ध झाल्यावर दोनच महिन्यांनी सुब्बाराव निवर्तले.

सोळा बालकांवर हे औषध वापरण्यात आले. दहांच्या प्रकृतीत सुधारणा दिसली. औषध विषारी असल्याचे व त्याने तोंड येत असल्याचेही निबंधात नमूद आहे. काही काळाने रोग उलटला. तरीही औषधाने बालकांचा तीव्र ल्युकेमिया मागे हटू शकतो, ही गोष्ट प्रथमच नोंदली गेली.

उतार तात्पुरता का ठरला, याचे उत्तर पुढील वीस वर्षांत मिळत गेले. तपासणीत रक्त स्वच्छ दिसले, तरी रोगपेशी शरीरात दडून राहतात. त्यांतील काही मेंदूच्या आवरणात आश्रय घेतात आणि तेथे औषध नीट पोहोचत नाही. अमेरिकेतील मेम्फिस येथील सेंट ज्यूड रुग्णालयात डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी अनेक औषधे एकत्र देण्याची, मेंदूच्या आवरणावर स्वतंत्र उपचार करण्याची आणि मूल बरे दिसू लागल्यावरही दोनतीन वर्षे औषध चालू ठेवण्याची पद्धती बसविली. या औषधांपैकी व्हिन्क्रिस्टीन हे आपल्या परसात फुलणाऱ्या सदाफुलीपासून मिळते, तर मेथोट्रेक्सेट हे अमिनोप्टेरिनचेच भावंड होय. १९७० च्या सुमारास बरी होणारी मुले निम्म्यावर गेली. आज संपन्न देशांत, बालकांत सर्वाधिक आढळणाऱ्या लिम्फोब्लास्टिक प्रकारात, दहांपैकी सुमारे नऊ मुले वाचतात.

मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात १९८० नंतरच्या दशकात आपल्याकडील परिस्थितीस मानवेल अशी उपचारपद्धती अवलंबिण्यात आली आणि मुले वाचण्याचे प्रमाण वाढले. अडचण येते ती अन्यत्र. पहिल्या महिनाभराच्या उपचारांनंतर ताप जातो, मूल खेळू लागते. गावी पेरणी खोळंबलेली असते, शहरातील मुक्काम परवडत नाही. आईवडील मुलाला घेऊन परततात. १९४८ मध्ये औषधेच अपुरी होती म्हणून उतार तात्पुरता ठरला. येथे औषधे असूनही तो तात्पुरता ठरतो. कर्करोगावरील उपचारांचा समावेश महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे; परंतु प्रवास, निवास आणि बुडणारी मजुरी यांचा बराचसा भार कुटुंबावर पडतो. ग्रामपंचायतीला या बाबतीत करता येण्याजोगे बरेच काही आहे.

शिक्षकांच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. हा रोग संसर्गजन्य नाही. त्यामुळे अशा मुलास वेगळे बसविण्याचे कारण नाही. मात्र उपचारांमुळे त्याची प्रतिकारशक्ती क्षीण झालेली असते. वर्गात कोणास कांजिण्या वा गोवर निघाल्यास ते त्याच दिवशी त्याच्या पालकांना कळवावे, म्हणजे त्यांना विनाविलंब डॉक्टरांचा सल्ला घेता येईल.