लाकडी जहाज कसे तयार करावे?



आपले मारेगाव समुद्रापासून फार दूर आहे. पण जहाजाला लागणारे सागवान आपल्या यवतमाळ जिल्ह्याच्या जंगलात होते. सागाच्या लाकडात तेल असते, म्हणून ते पाण्यात लवकर कुजत नाही. मुंबईच्या गोदीत १८१७ साली ट्रिंकोमाली नावाचे सागवानी जहाज बांधले. ते इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे अजून पाण्यावर आहे. दोनशेच्या वर वर्षे झाली!

आता नव्या जहाजाची माहिती. अजिंठ्याच्या लेण्यात पाचव्या शतकातल्या जहाजाचे चित्र आहे. त्यावरून गोव्यात कौंडिण्य नावाचे जहाज बांधले. काम २०२३ साली सुरू झाले. अशा जहाजाचा जुना नकाशा कोठेच नव्हता. म्हणून अगोदर लहान नमुना करून चेन्नईच्या आय. आय. टी. मध्ये पाण्यात तपासला. बाबू शंकरन व केरळच्या कारागिरांनी फळ्या नारळाच्या काथ्याने शिवल्या. हे जहाज २९ डिसेंबर २०२५ रोजी पोरबंदरहून निघाले व १४ जानेवारी २०२६ रोजी मस्कतला पोहोचले. त्याला इंजिन नाही, शिडे आहेत.

आपणही असा शिवलेला नमुना करू शकतो.

साहित्य : सागाच्या पातळ पट्ट्या (सुताराकडे उरलेल्या मिळतात), सुतळी, मेण, बांबूची काडी, जुने धोतर, लहान गोटे.

कृती :
१. ३० सें. मी. लांब व ८ सें. मी. रुंद तळफळी घ्या. तिची दोन्ही टोके निमुळती करा.
२. बाजूच्या दोन पट्ट्या रात्रभर पाण्यात भिजवा, म्हणजे त्या वाकतात.
३. फळ्यांच्या कडेला समोरासमोर भोके पाडून घ्या. हे काम मोठ्या माणसांनीच करावे. मग गोधडी शिवतात तशी सुतळीने फळी शिवा.
४. सगळ्या फटीत व भोकांत मेण भरा.
५. मधोमध बांबूची डोलकाठी बसवा. तिला धोतराचे शीड बांधा.
६. तळाशी गोटे ठेवा.

गोटे कशाला? मी शाळेच्या टाक्यात दोन्ही तऱ्हेने करून पाहिले. रिकामे जहाज वाऱ्याने आडवे झाले. दहा गोटे ठेवल्यावर बोटाने ढकलले तरी ते परत सरळ झाले. वजन खाली असले की जहाज कलंडत नाही. बंडी भरतानाही जड पोती खालीच ठेवतात.

माझे आबाजी सुतार आहेत. ते तान्ह्या पोळ्याचे नंदी करतात. पूर्वी बंडीची लाकडी चाके करत. आता बंडीला टायर लागतात, म्हणून ते काम कोणी आणत नाही. आबाजी म्हणतात, “हे काम आता कोन शिकते?” मी त्यांना कौंडिण्यची बातमी वाचून दाखवली. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “चित्र होतं, पन हात बी पाह्यजेच होते.” ते खरे आहे. कारागिरांना फळ्या शिवता येत नसत्या तर जहाज चित्रातच राहिले असते. म्हणून चाक कसे करतात ते मी आबाजींना विचारून वहीत लिहून घेत आहे. आऱ्यांपर्यंत आलो आहे.

पालकांना विनंती आहे, की आपणांस दोर वळणे, टोपली विणणे, नांगर घडवणे येत असेल तर आम्हांला शिकवावे. जहाज खालच्या टेबलावर ठेवले आहे. हात लावून पाहावे, पण शीड हळू धरावे.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी