जेसीबी, पोकलेन की डोझर?

मित्रांनो, आमच्या कासा-चारोटी पट्ट्यात पिवळ्या रंगाचं, माती उकरणारं काहीही दिसलं की त्याचं नाव एकच, जेसीबी! खरं तर जेसीबी हे कंपनीचं नाव. या कंपनीने १९७९ मध्ये हरियाणातल्या बल्लभगडला काम सुरू केलं आणि तिचा बॅकहो लोडर इतका पसरला की नावच त्या मशीनला चिकटलं. चेनवरच्या एक्स्कॅव्हेटरला आपण 'पोकलेन' म्हणतो, तेही पोक्लेन या फ्रेंच कंपनीवरून. बुलडोझरचं ब्लेड मात्र १९२३ मध्ये अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एका शेतकऱ्याने आणि एका ड्राफ्ट्समनने मिळून बनवलं. आपल्याकडे १९६४ साली स्थापन झालेली बीईएमएल ही सरकारी कंपनी डोझर बनवते.

हा विषय निवडायचं कारण म्हणजे आमच्या भागात सध्या मातीकामाचे दिवस आहेत. मुंबई-अहमदाबाद हायवे आधीपासून होताच. त्यात बुलेट ट्रेन आली, दिल्ली-मुंबई एक्स्प्रेसवे आला आणि ३० ऑगस्ट २०२४ ला वाढवण बंदराची पायाभरणी झाली. साहजिकच गावातल्या पोरांना वाटतं, आपणही लोन काढून एक मशीन घ्यावं. दुसरीकडे उतारावरची शेती असलेल्याला वाटतं, चार तास मशीन लावून शेत सपाट करून घ्यावं. दोघांचा प्रश्न एकच, मशीन कोणतं? आणि दोघेही आधी विचारतात, हॉर्सपॉवर किती? माझ्या मते हा प्रश्न शेवटी यायला हवा.

(कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे टेक्निकल मराठी लिहिताना शब्द अडतात. म्हणून साइटवर जे बोलतात तेच शब्द इथे वापरले आहेत.)

कोणाचं काम काय?

खड्डा, पाइपलाइनची चारी, घराचा पाया, थोडं लोडिंग अशा कामांना जेसीबी बरा. तो टायरवर स्वतः रस्त्याने येतो. खोल खोदाई आणि डंपर भरायला पोकलेन. डोझर खड्डा खणत नाही. तो वरचा थर कापतो, ढकलतो आणि पसरतो. त्याची चेन डांबरी रस्ता खराब करते, म्हणून त्याला ट्रेलरवर आणावं लागतं. दोन तासांच्या कामासाठी डोझर बोलावला तर भाड्याइतकाच खर्च ट्रेलरला होऊ शकतो.

पहिला प्रश्न : जमीन कशी?

समजा डोझर १८ टनांचा आहे. त्याच्या दोन्ही चेन जमिनीला २६० सेंटीमीटर लांब आणि ५६ सेंटीमीटर रुंद टेकतात. क्षेत्र झालं सुमारे २९,१०० चौरस सेंटीमीटर. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला ०.६२ किलो दाब, चालताना एका पायावर भार देणाऱ्या माणसाच्या दुप्पट फार तर! म्हणून मऊ जमिनीवर टायरचं मशीन रुततं तिथे डोझर चालतो. भातखाचरासारख्या चिखलट जागेसाठी याहून रुंद चेनचे डोझर मिळतात. त्यांचा दाब याच्या जवळपास निम्म्यावर येतो. मात्र रुंद चेन खडकाळ जागी नेली तर तिच्या प्लेटा वाकतात. म्हणजे एकाच डोझरने दोन्ही कामं करू म्हणणं बरोबर नाही.

आपल्याकडे खाली बेसॉल्ट आहे. वर माती, मग मुरूम, मग काळा दगड. पहार मारून पाहा. पहार आत शिरली तर नुसतं ब्लेड पुरेल. ठिसूळ तुकडे निघाले तर मागे रिपर हवा. पहार टणकन उडाली तर डोझरचं काम संपलं, तिथे पोकलेनला ब्रेकर लावावा लागतो. रिपरमध्येही तीन दातांचा मुरमाला आणि एका दाताचा कठीण थराला, कारण सगळा जोर एकाच टोकावर येतो.

दुसरा प्रश्न : ब्लेड कोणतं?

सरळ ब्लेड कापायला चांगलं, कठीण मातीत घुसतं. यू ब्लेडच्या दोन्ही कडा पुढे वळलेल्या असतात, म्हणून सैल माती जास्त मावते आणि सांडत नाही. पण कठीण जमिनीत ते कमी पडतं. सेमी-यू या दोघांच्या मधलं. तिरकं होणारं अँगल ब्लेड माती बाजूला टाकतं, त्यामुळे रस्ता काढायला, चारी बुजवायला, बांधाशेजारी काम करायला सोयीचं. झाडोरा आणि मुळं काढायची तर ब्लेडऐवजी दातेरी रेक. त्याने मुळं येतात आणि बरीचशी माती जागेवर राहते.

तिसरा प्रश्न : माती किती लांब न्यायची?

इथे थोडं गणित करू. ब्लेडमध्ये ३.५ घनमीटर माती मावते. पुढे जाताना वेग मिनिटाला ५० मीटर, मागे येताना १०० मीटर, गिअर बदलायला ०.१ मिनिट. अंतर ४० मीटर असेल तर एका फेरीला १.३ मिनिटं लागतात. तासातली ७५ टक्के वेळ प्रत्यक्ष काम धरलं तर ताशी सुमारे १२१ घनमीटर, म्हणजे ४३ ब्रास. आता अंतर ८० मीटर करा. फेरी २.५ मिनिटांची होते आणि काम ६३ घनमीटरवर, म्हणजे २२ ब्रासवर येतं. मशीन तेच, डिझेल तेच, काम निम्मं! शंभर मीटरच्या पुढे तर लोडर आणि डंपरच परवडतात.

आणखी एक गोष्ट. खणलेली माती फुगते. २५ टक्के फुगवटा धरला तर ढिगातले ४३ ब्रास म्हणजे खड्ड्यातले ३४. काम घेतानाच विचारून घ्या, मोजणी खड्ड्याची की ढिगाची? मुरूम उचलायचा तर गौण खनिजाचा परवाना आणि रॉयल्टीची पावती हवी. नाहीतर महसूल खातं मशीनच जप्त करू शकतं, आणि बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

हप्त्याचं गणित

उदाहरणासाठी आकडे धरू. भाडं ताशी ३,००० रुपये, हप्ता महिन्याला ६०,००० म्हणजे वर्षाला ७,२०,०००. डिझेल ताशी २० लिटर, ९० रुपयांनी १,८०० रुपये. वर्षात १,००० तास काम मिळालं तर हप्त्याचा वाटा ताशी ७२० रुपये. हातात उरले ४८०. त्यातून ऑपरेटर, ऑइल, इन्शुरन्स आणि दुरुस्ती. डोझरच्या दुरुस्तीत जवळपास निम्मा खर्च चेन, रोलर आणि स्प्रॉकेटचाच असतो. काम ५०० तासच मिळालं तर? हप्त्याचा वाटा १,४४० होतो आणि नुसता हप्ता व डिझेल मिळून ३,२४०. म्हणजे ऑपरेटरचा पगार द्यायच्या आधीच तासाला २४० रुपयांचा तोटा! आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने मातीकाम जवळजवळ बंद असतं, हे विसरू नका. म्हणून हातात कामाची लेखी ऑर्डर नसेल तर पहिलं मशीन डोझर नको. जेसीबीला गावात छोटी कामं मिळत राहतात. डोझर लागेल तेव्हा भाड्याने आणावा.

शेत सपाट करताना

आता शेतकऱ्याची बाजू. भात वाढतो तो वरच्या वीतभर मातीवर. डोझरवाला उंच भाग कापून सखल भागात ढकलतो. शेत टेबलासारखं दिसतं, पण सुपीक माती एका कोपऱ्यात गाडली जाते आणि उरलेल्या भागात मुरूम उघडा पडतो. ज्याच्याकडे वीस गुंठेच आहेत, त्याचं वर्षाचं भात यात जातं.

याला उपाय आहे. आधी वरची सहा इंच माती काढून बाजूला रचायची, मग खालचा थर सपाट करायचा आणि शेवटी तीच माती परत पसरायची. खर्च किती? एका गुंठ्याला ही माती सुमारे साडेपाच ब्रास, वीस गुंठ्यांना १०९ ब्रास. वरच्याच हिशोबाने काढायला साधारण सव्वातीन तास, परत पसरायला तितकेच. साडेसहा तासांचे जादा १९,५०० रुपये. रक्कम मोठी आहे, म्हणूनच हे काम टाळलं जातं. पैसे नसतील तर सगळं शेत एका पातळीत आणण्याचा हट्ट सोडावा. उताराला आडव्या लहान लहान खाचरांत काम वाटलं तर कापणी कमी, अंतर कमी, आणि छोटं मशीनही पुरतं.

तेव्हा मित्रांनो, उद्या इंजिनिअर म्हणून कोणी तुम्हाला विचारलं की कोणतं मशीन घेऊ, तर कॅटलॉग उघडू नका. टेप, पहार आणि वही घेऊन आधी जागेवर जा. माती कोणती, किती, आणि किती लांब न्यायची, हे तीन आकडे वहीत आले की मशीनचं नाव आपोआप खाली लिहिता येतं. हॉर्सपॉवर त्यानंतर!