मालक घर विकायला काढतो तेव्हा

कोथरूडच्या आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये एका रविवारी एजंट न कळवताच गिऱ्हाईक घेऊन आला. सोबतच्या बाईंनी टेपनं ओटा मोजला, कपाटांची दारं उघडून पाहिली. आतल्या खोलीत मुलगी बारावीचा अभ्यास करत होती. जाताना एजंट म्हणाला, "व्यवहार ठरलाय, आठवड्यात खाली करा."

मी आधी करार काढला. नोंदणी केलेला, अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स. मुदत बरीच शिल्लक होती आणि मुदतीआधी करार संपवायचा तर महिनाभराची लेखी नोटीस द्यावी लागेल, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. एजंटाच्या तोंडी सांगण्यावरून कुणीही घर सोडू नये.

आपला कागद कोणता आहे, हे मात्र नीट पाहा. पागडीचा किंवा वाड्यातला जुना भाडेकरू असेल, तर घर विकलं तरी त्याचा हक्क जात नाही; मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ नुसार नवा मालक जुन्याच्या जागी येतो, इतकंच. लिव्ह अँड लायसन्सवाल्याला हे संरक्षण नाही. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याचं कलम ५९ सांगतं की नवा मालक त्या कराराला आपोआप बांधील नसतो. हे वाचून माझ्या पोटात गोळाच आला. पण त्याच कायद्यात पुढे आधारही आहे. कलम ६३ प्रमाणे सामान हलवायला वाजवी मुदत मिळते. आणि आपला दोष नसताना मूळ मालकानं मुदतीआधी बाहेर काढलं, तर कलम ६४ खाली त्याच्याकडून भरपाई मागता येते. परस्पर कुलूप बदलायचा अधिकार तर कुणालाच नाही.

मी हे सगळं स्पीड पोस्टानं मालकांना कळवलं. घर दाखवायचं तर आदल्या दिवशी सांगा, हेही लिहिलं. लगेच त्यांचा फोन आला. आवाज मवाळ होता. "डिपॉझिट नवे मालक देतील, काळजी करू नका."

काळजी इथेच करायची. नव्या मालकाची आपल्या करारावर सही नसते. अनामत ज्यानं घेतली त्यानंच द्यावी, नाहीतर तिघांच्या सह्यांचा कागद करावा. मी अडून बसले. पैसे खात्यात जमा झाल्यावरच चावी दिली. तोवर भाडं मात्र थांबवलं नव्हतं, दर महिन्याला बँकेतूनच भरलं. थकबाकी दाखवायला जागा ठेवू नये. मुदत संपल्यावर हट्टानं राहूही नये. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार दुप्पट रक्कम भरावी लागते.

नव्या घराच्या करारात मी एक अट घालून घेतली: मुदतीत घर विकलं तर दोन महिन्यांची लेखी नोटीस, आणि चावी घेतानाच अनामत परत. मालकांनी हरकत घेतली नाही. मसुदा नोंदणीला जाण्याआधीच ही अट घालून घ्या.